जाळं महाग घ्यावं की स्वस्त?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका बाईनं कर्ज मागितलं. कशासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाली, जाळ्यासाठी. दुकानदारानं तिच्या नवऱ्यापुढं दोन जाळी टाकली होती. एक चार हजारांचं, एक नऊ हजारांचं. नवऱ्याचं म्हणणं, महाग तेच टिकते. हिचं म्हणणं, नऊ हजार रुपये पाण्यात कसे टाकू? गटातल्या बाकीच्या आम्ही दहा जणी बसलो होतो, तर दहा जणींची दहा मतं. शेवटी ठरलं, की नीट माहिती काढू, मग कर्ज देऊ. ती माहिती काढताना जे हाती लागलं आणि घरच्या धंद्यात जे आधीपासून ठाऊक होतं, ते आज तुम्हाला सांगते.

मी भोयाच्या घरची. माहेर पूर्णेच्या काठी, सासर मोर्शीकडं. अप्पर वर्धा धरण, ज्याला नल-दमयंती सागर म्हणतात, त्याच्या पाण्यावर आमच्यासारखी किती तरी घरं जगतात. तिकडं अकोल्याकडं महानच्या काटेपूर्णा धरणावर, पातूरजवळच्या मोर्णा धरणावर, तेल्हाऱ्याकडं वानच्या पाण्यावरही भोई, ढीवर, कहार मंडळी हेच काम करतात. पुरुष जाळं टाकतात आणि मासा विकतात बहुतेक बायका. म्हणजे जाळ्याचा पैसा आपल्याच हातानं घरात येतो. मग जाळं घेताना आपल्याला काही कळत नाही, असं म्हणून कसं चालेल?

आमच्या सासूबाई लहान होत्या तेव्हा तयार जाळी नव्हती. आपला मुलूख कापसाचा, जाळीही सुताची. काही जण सणाच्या दोरीचीही विणत. बाया दुपारी ओसरीत बसून विणत आणि एका जाळ्याला महिने लागत. सुती जाळं पाण्यात कुजतं, म्हणून ते झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचं, रोज काढून वाळवायचं. वाळवलं नाही तर एका पावसाळ्यातच हातात तुकडे यायचे. नायलॉनचा शोध अमेरिकेत १९३५ साली लागला. आपल्याकडं १९५७ साली केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था निघाली, ती कोचीला आहे. अशा संस्थांनी नायलॉनची जाळी वापरून पाहिली आणि हळूहळू ती समुद्रावरून आपल्या नद्या-तलावांपर्यंत पोचली. नायलॉन कुजत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्याचाही एक वैरी आहे आणि तो आपल्या वऱ्हाडात मुबलक आहे. तो म्हणजे ऊन. उन्हात पडून राहिलं की नायलॉन आतून कमजोर होतं, आणि वरून पाहिलं तर काही दिसत नाही.

हे मला ठेच लागून कळलं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही एका बाजारातून फार स्वस्तात जाळं आणलं. नवंकोरं, पिशवीत बांधलेलं. पहिल्याच आठवड्यात एक मोठी कतला लागली आणि जाळं कागदासारखं फाडून निघून गेली. नंतर आठवलं, ते जाळं दुकानाच्या दर्शनी बाजूला उन्हात टांगलेलं होतं, किती महिने कोण जाणे. सासूबाई मला तेव्हा म्हणाल्या, "सस्तं घेतलं त मांगून रडाचं, अन् महाग घेतलं त आंधी रडाचं. पाहून घे पोरी, मंग रडाचं कामच नाही."

तर पाहून घ्यायचं म्हणजे काय पाहायचं? चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट धाग्याची. जाळी दोन तऱ्हेची मिळतात. एक, बारीक तंतू पिळून केलेल्या धाग्याची. ती मऊ असतात, पांढरी किंवा रंगीत. दुसरी, एकाच सलग तंतूची, काचेसारखी आरपार दिसणारी. त्याला तंगूस म्हणतात. पिळाच्या जाळ्याच्या चिठ्ठीवर २१०/१/२, २१०/२/२, २१०/२/३ असे आकडे असतात. ते आकडे कळले की अर्धी फसवणूक टळते. २१० म्हणजे मूळ तंतू किती बारीक आहे त्याचं माप. त्या तंतूची ९००० मीटर लांबी घेतली तर वजन २१० ग्रॅम भरतं. पुढचे दोन आकडे सांगतात, की असे किती तंतू एकत्र पिळले. त्यांचा गुणाकार करायचा. २१०/१/२ मध्ये दोन तंतू, २१०/२/२ मध्ये चार, २१०/२/३ मध्ये सहा. जितके तंतू जास्त तितका धागा जाड आणि मजबूत, आणि तितकं वजनही जास्त. वजन वाढलं की किंमत वाढते. म्हणून दोन जाळ्यांची किंमत विचारण्याआधी दोन्हींचा आकडा विचारा. आकडा वेगळा असेल, तर ती तुलनाच चुकीची.

आणि जाड धागा म्हणजे चांगलंच जाळं, असंही नाही. जाड धागा माशाला दिसतो, पाण्यात ताठ उभा राहतो, मासा दचकून वळतो. गरजेपुरता मजबूत आणि त्यातल्या त्यात बारीक, असा धागा हवा. पाव किलोच्या माशासाठी दोराएवढं जाळं घेणं म्हणजे पैसे देऊन मासा हाकलणं.

दुसरी गोष्ट घराची. जाळ्यातल्या एका चौकोनाला मी घर म्हणते, समुद्राकडचे लोक आस म्हणतात. या घराचं माप दोन तऱ्हांनी सांगतात, आणि तिथं फार घोटाळा होतो. एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत मोजलं तर समजा ६ सेंटिमीटर आलं. तेच घर ताणून धरलं आणि समोरासमोरच्या गाठी मोजल्या, तर १२ येतं. जाळं एकच, माप दुप्पट. दुकानदार कोणतं माप सांगतो ते विचारून घ्या, आणि पट्टी लावून स्वतः मोजा.

आता आपल्याला कोणतं माप लागतं? त्यासाठी घरी एक दोरा घ्या. तुमच्या पाण्यात ज्या आकाराचा मासा धरायचा आहे, तसा एक मासा घ्या. त्याच्या अंगाचा सगळ्यांत जाड भाग दोऱ्यानं गुंडाळा आणि दोरा मोजा. समजा ३० सेंटिमीटर भरला. मासा घरात पक्का अडकायला त्याचा घेर घराच्या घेराच्या साधारण सव्वापट हवा. म्हणजे घराचा घेर २४ सेंटिमीटर, आणि ताणलेलं माप त्याच्या निम्मं, १२ सेंटिमीटर. याहून घर फार मोठं असलं तर मासा पार निघून जातो. फार लहान असलं तर तोंड आपटून मागं फिरतो. कतलाचं डोकं मोठं नि अंग फुगीर, मृगळ लांबट. म्हणून एकाच जाळ्यात कतला लहान वयाची सापडते आणि मृगळ मोठा झालेला. नऊ हजारांच्या जाळ्याचं घर चुकीचं असेल, तर चार हजारांचं बरोबर मापाचं जाळं त्याच्यापेक्षा जास्त मासा देईल. मापाचा पैसा पडत नाही, नुसती अक्कल लागते.

इथंच एक गोष्ट हात जोडून सांगते. बाजारात मच्छरदाणीसारखी बारीक जाळी फार स्वस्त मिळतात. ती घेऊ नका. संस्था पैसे घालून धरणात बोटुकली सोडते. ती बारीक जाळ्यानं उपसली, तर आज ५० ग्रॅमचा मासा चिल्लरच्या भावात जातो. तोच वर्षभर वाढला असता तर किलोच्या पुढं गेला असता. असलं स्वस्त जाळं पुढच्या वर्षीची कमाई खातं, आपलीही आणि शेजारणीचीही.

तिसरी गोष्ट बांधणीची. जाळं दोरीवर बांधतात ना, तिथं सगळ्यांत मोठी चलाखी असते. ताणून १०० मीटर भरणारं जाळं ५० मीटर दोरीवर बांधायचं असतं, म्हणजे निम्म्यात. तेव्हा पाण्यात त्याची घरं उभट शंकरपाळ्यासारखी उघडतात, जाळं सैल राहतं आणि मासा अडकतो. काही तयार जाळी मात्र तीच १०० मीटर जाळी ७० मीटर दोरीवर ताणून बांधलेली असतात. गिऱ्हाइकाला वाटतं, बघा, त्याच पैशात वीस मीटर जास्त मिळालं. पण त्याची घरं अगदी चौकोनी होतात, जाळं ताठ होतं आणि मासा आपटून परत जातो. तपासायला सोपं आहे. दहा घरं मोजा. एका घराचं ताणलेलं माप १२ सेंटिमीटर असेल तर दहा घरांचं १२० झालं. ती दहा घरं दोरीवर साधारण ६० सेंटिमीटरमध्ये बसलेली हवीत. ८०-८५ मध्ये बसली असतील, तर तुम्ही लांब दोरी विकत घेताय, जाळं नाही.

खरं तर बांधणी घरीच करावी. नुसती जाळी घ्यायची, दोरी वेगळी घ्यायची. वरची दोरी पाण्यावर तरंगणारी हवी, ती प्लास्टिकची स्वस्तातली चालते. तरंगण्यासाठी जुन्या रबरी चपलांचे तुकडे कापून लावता येतात. थर्माकोल लावू नका, ते भुगा होऊन पाण्यात जातं. खाली वजनाला शिसंच पाहिजे असं नाही, भाजलेल्या मातीचे मणी चालतात. या सगळ्यात स्वस्त वस्तू आणि महाग वस्तू यांच्या कामात काही फरक नाही. तिथं पैसे वाचवा. आणि बांधणी हे आपल्या हातचं काम आहे. दोन दुपारी जातात, पण त्याची मजुरी आपल्याच घरात राहते.

चौथी गोष्ट तपासणीची. धाग्याचं एक टोक दोन्ही हातांनी झटका देऊन ओढा. जुनं, उन्हानं खाल्लेलं नायलॉन कट्टकन तुटतं, चांगलं आधी ताणतं. मग एक गाठ दोन बोटांनी सरकवून पाहा. तंगूस गुळगुळीत असतो, त्याची गाठ पक्की नसेल तर सरकते, आणि मग एक घर लहान, एक मोठं होत जातं. दर्शनी टांगलेला माल घेऊ नका, आतला मागा. आणि पक्कं बिल घ्या. बिलाचं काम पुढं सांगते.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. चार हजार की नऊ हजार? आपण पाटीवर हिशेब मांडू. आकडे समजायला सोपे म्हणून धरते, तुम्ही तुमचे घाला.

चार हजारांचं जाळं तंगूसचं आहे, असं धरा. एक हंगाम टिकलं, शंभर दिवस पाण्यात गेलं. म्हणजे दिवसाला ४० रुपये. नऊ हजारांचं पिळाच्या धाग्याचं आहे. फाटलं तरी दुरुस्त होतं, तीन हंगाम चाललं, तीनशे दिवस. दुरुस्तीच्या धाग्याला आणखी ९०० रुपये धरले तर दिवसाला ३३ रुपये. इथपर्यंत नवरा जिंकला. महाग जाळं दिवसाला सात रुपयांनी स्वस्त पडलं.

पण थांबा. तंगूस पाण्यात दिसत नाही. स्वच्छ पाण्यात तो पिळाच्या जाळ्यापेक्षा जास्त मासा धरतो, हे धरणावरचा कोणीही सांगेल. समजा रोज अर्धा किलोच जास्त धरला आणि १२० रुपये भाव मिळाला, तर दिवसाला ६० रुपये जास्त आले. सात रुपयांच्या बचतीपुढं साठ रुपयांची कमाई. आता बायको जिंकली.

आणखी थांबा. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं. त्या पाण्यात धागा दिसला काय, न दिसला काय, सारखंच. तिथं तंगूसचा फायदा उरत नाही. आणि आपल्या धरणांच्या तळाशी काय आहे, आठवा. बुडालेल्या शेतांचे बांध, झाडांचे खुंट, घरांच्या भिंती. खुंटाला अडकलेला तंगूस ओढला की फाटतो आणि दुरुस्त करायला फार कटकटीचा. तिथं एक हंगाम कशाला, पंधरा दिवसांतही संपू शकतो. मग चार हजार भागिले पंधरा, दिवसाला २६७ रुपये पडले. पुन्हा नवरा जिंकला.

म्हणून आमच्या गटानं त्या बाईला काय सांगितलं? सगळा पैसा एका जाळ्यात घालू नको. खुंटांच्या जागी आणि पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यासाठी पिळाच्या धाग्याचं लहान जाळं घे, चांगल्या आकड्याचं. दिवाळीनंतर पाणी निवळतं, तेव्हा मोकळ्या तळाच्या जागी तंगूसचं लहान जाळं टाक. दोन्ही मिळून सहा-साडेसहा हजारांत बसतं. एक फाटलं तरी चूल बंद पडत नाही.

पण मैत्रिणींनो, या हिशेबात एक आकडा अजून यायचा आहे, आणि तोच सगळ्यांत जड आहे. जाळ्याचा पैसा आणला कुठून?

आपल्याकडं पुष्कळ घरांत जाळं मासे घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून उचल घेऊन येतं. व्याज नाही, कागद नाही, फार सोपं वाटतं. अट एवढीच, की मासा त्यालाच द्यायचा. मग बाजारात १२० भाव असला तरी तो ११० देतो. किलोमागं १० रुपये. रोज पाच किलो मासा दिला तर दिवसाला ५० रुपये. शंभर दिवसांच्या एका हंगामात पाच हजार गेले, आणि उचल तशीच डोक्यावर. पुढच्या हंगामात पुन्हा पाच हजार. आता तेच नऊ हजार बचत गटातून शेकडा दोननं घेतले आणि दहा महिन्यांत सारख्या हप्त्यानं फेडले, तर सगळं मिळून व्याज होतं ९९० रुपये. दहा महिन्यांनी जाळं आपलं, मासाही आपला. ज्याला वाटेल त्याला विका.

म्हणजे उचलीवर घेतलेलं चार हजारांचं स्वस्त जाळं हे गटाच्या कर्जावर घेतलेल्या नऊ हजारांच्या जाळ्यापेक्षा महाग पडतं. दुकानातली चिठ्ठी हे सांगत नाही. जाळं उचलीवर घ्यायची वेळ आली, तर महाग जाळं मुळीच घेऊ नका. लहान घ्या, जुनं दुरुस्त करा, पण मासा कोणाच्या काट्यावर टाकायचा तो हक्क आपल्याकडं ठेवा.

काट्यावरून आठवलं. आता आपल्या बाजूच्या वस्तूंकडं येऊ. मासेमारीचं सामान म्हटलं की सगळे जाळ्यावर बोलतात. पण मासा पाण्यातून निघाल्यावर त्याचं जे होतं, ते बायकांच्या हाती आहे, आणि माझ्या मते महाग वस्तू घ्यायचीच असेल तर ती इथं घ्यावी.

एक, बर्फाची पेटी. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४५ च्या पलीकडं जातो. टोपल्यातला मासा अशा उन्हात काही तासांत नरमतो. तोच मासा बर्फात नीट ठेवला तर दिवसेंदिवस खायला चांगला राहतो. दहा किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायला साधारण सव्वातीन किलो बर्फ पुरतो. मग आपला बर्फ इतका का लागतो? कारण बाकीचा बर्फ मासा थंड करत नाही, टोपल्याच्या भिंतीतून येणाऱ्या उन्हाशी झुंजतो. साध्या टोपल्यात माशाइतकाच बर्फ घातला तरी दुपारपर्यंत पाणी होतं. जाड भिंतीच्या पेटीत तो खूप वेळ टिकतो.

हिशेब असा. दहा किलोतला तीन किलो मासा दुपारनंतर उरला आणि अर्ध्या भावात द्यावा लागला, तर १८० रुपये बुडाले. पेटी तीन हजारांची धरा, बर्फाला रोज ४० रुपये धरा, तरी दिवसाला १४० वाचले. बावीस दिवसांत पेटीचे पैसे निघाले. एवढ्या लवकर कोणतं जाळं पैसे परत देतं? पेटी घेताना झाकण घट्ट बसतं का आणि तळाला पाणी जायला बूच आहे का, एवढं पाहा. खाली बर्फ, वर मासा, पुन्हा बर्फ, असे थर द्या. बर्फ बारीक फोडलेला हवा. वितळलेलं पाणी साचू देऊ नका, त्या पाण्यात मासा लवकर खराब होतो.

दोन, वजनकाटा. बाजारात हातात धरायचे छोटे इलेक्ट्रॉनिक काटे अगदी स्वस्तात मिळतात. ते घरी पडताळा घ्यायला ठीक, पण त्यावर विक्री करता येत नाही. धंद्याचा काटा वैधमापन शास्त्र विभागाच्या शिक्क्याचा लागतो. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून घ्यावा लागतो, साधा तराजू आणि वजनं दोन वर्षांनी. शिक्क्याचा काटा महाग पडतो हे खरं. पण व्यापाऱ्याच्या काट्यावर दहा किलोमागं पाव किलो कमी भरत असेल, तर १२० च्या भावानं रोज ३० रुपये जातात. आपल्या शिक्क्याच्या काट्यावर आधी तोलून मग मासा नेला, की समोरचाही नीट तोलतो.

तीन, जीव वाचवणारी वस्तू. आपली माणसं अजूनही ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून धरणात जातात, पहाटे अंधारात, एकटी. २०२१ च्या सप्टेंबरात वरुड तालुक्यात झुंज इथं वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जण गेले. ते मासेमारीला गेले नव्हते, पण नदी तीच आहे. पोहता येणारा माणूससुद्धा जाळ्यात पाय गुंतला की काही करू शकत नाही. अंगात घालायचं जॅकेट घेताना घासाघीस करू नका. पट्टे आणि बकल पक्के आहेत का, शिवण उसवत नाही ना, ते पाहा. घरी आणल्यावर कमरेएवढ्या पाण्यात घालून तरंगून पाहा. आणि घालायचं जॅकेट घरी खुंटीला ठेवलं, तर फुकटचं असलं तरी महागच.

उरला गळ. आजकाल दुकानात चमकदार काड्या मिळतात, चाक लावलेल्या, दोन-तीन हजारांच्या. पोरं हट्ट करतात. हौसेला मोल नाही, पण मासा काडीला लागत नाही, गळाला लागतो. बांबूची काडी चालते. पैसे घालायचे तर चांगल्या गळाला आणि दोरीला घाला. गळ टोकदार हवा, वाकवला तर सहज वाकणारा नको, गंजका नको. तेवढ्यानं काम भागतं.

आता सरकारी मदतीचं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात घटकाच्या ठरलेल्या खर्चावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती, जमातीच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदान धरलं आहे. पारंपरिक मच्छीमारांसाठी नाव आणि जाळी, तसंच शीतपेटी लावलेली सायकल, मोटारसायकल, तीनचाकी, हे सगळं त्या योजनेत येतं. लक्षात घ्या, अर्ज बाईच्या नावानं केला तर फरक ४० आणि ६० चा आहे. शिवाय २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासून किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही लागू आहे. आपल्या जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि आपल्या सहकारी संस्थेत जाऊन या वर्षी काय चालू आहे, ते विचारा. आधार, बँकेचं पासबुक, संस्थेचं सभासदत्व आणि मघाशी म्हटलं ते पक्कं बिल, एवढं एका पिशवीत जपून ठेवा. आपलं नाव संस्थेच्या सभासद यादीत नसेल, तर आधी ते घाला. घरात विक्री आपण करायची आणि कागदावर नाव मात्र फक्त नवऱ्याचं, असं नको.

शेवटी, जे जाळं घरात आहे ते टिकवण्याबद्दल. पहाटे जाळं काढलं की साध्या पाण्यानं धुवा, काडी-कचरा काढा, आणि सावलीत वाळवा. छपरावर, तारेवर उन्हात टाकून देऊ नका. सुती जाळ्याची ती सवय आपल्या हातात अजून आहे, नायलॉनला ती घातक. उंदीर लागणार नाही असं टांगून ठेवा, खताच्या आणि फवारणीच्या डब्यांपासून लांब. एक घर तुटलं की त्याच दिवशी विणून टाका. आज एक घर, उद्या दहा. आणि फाटकं जाळं धरणात सोडून येऊ नका. नायलॉन कुजत नाही, ते पाण्यात राहून वर्षानुवर्षं मासे मारत राहतं, आणि ते मासे कोणाच्याच पेटीत येत नाहीत.

त्या बाईनं शेवटी दोन लहान जाळी घेतली, साडेसहा हजारांत. गटानं तिला कर्ज दिलं साडेनऊ हजारांचं. वरच्या तीन हजारांची तिनं बर्फाची पेटी घेतली, स्वतःच्या नावानं. नवरा आधी कुरकुरला. आता रोज पहाटे पेटी सायकलला तोच बांधून देतो.

तुमच्या घरी जाळं घ्यायचं असेल तर दुकानात दोघंही जा. सोबत मापाची पट्टी आणि माशाचा घेर मोजलेला तो दोरा न्या. आणि पैसे मोजण्याआधी एकमेकांना एवढंच विचारा, हे जाळं किती दिवस पाण्यात राहील आणि त्यातला मासा कोणाच्या काट्यावर जाईल.